एक पान कमी

१

बाईंच्या फाईलमधलं सगळ्यात वरचं पान नाहीसं झालं होतं, आणि त्यामुळे बाई एकोणीस दिवस जास्त जगल्या. तक्रार नेमकी हीच होती.

"जास्त जगल्या म्हणून तक्रार?" दप्तरकाकांनी विचारलं.

"आधी ऐकून तर घ्या," अधीक्षक मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी फाईल टेबलावरून पुढे सरकवली.

दप्तरकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. तीस वर्षं त्यांनी या हॉस्पिटलचं दप्तर सांभाळलं, म्हणून सगळे तसं म्हणत. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. बायको जाऊन सात महिने. मॅडमचा फोन आला तेव्हा ते सकाळपासून एक शब्दही बोलले नव्हते. "हॅलो" म्हणताना स्वतःचाच आवाज त्यांना घोगरा वाटला.

प्रकरण असं होतं. बाई म्हणजे एक निवृत्त शिक्षिका. फुप्फुसं निकामी होत चालली होती. श्वास थांबला तर नळी घालू नका, यंत्रावर ठेवू नका, असं त्यांनी रीतसर लिहून दिलं होतं. त्या कागदाची कड लाल, म्हणून वॉर्डात त्याला लाल फॉर्म म्हणत. तो फाईलमध्ये सगळ्यात वर लावायचा, म्हणजे घाईच्या वेळी आधी तोच दिसेल. एका गुरुवारी दुपारी बाईंचा श्वास थांबला. फाईलमध्ये फॉर्म नव्हता. नळी घातली गेली. एकोणीस दिवस यंत्रावर काढून बाई गेल्या.

"मुलीकडे फॉर्मची झेरॉक्स आहे," मॅडम म्हणाल्या. "ती म्हणते, माझ्या आईची शेवटची इच्छा कुणीतरी फाडून टाकली. त्याच गुरुवारी संध्याकाळी तिनं भांडण काढलं, तेव्हापासून ही फाईल तशीच बंद ठेवलीय; यंत्रावरच्या दिवसांचे कागद वेगळ्या फाईलमध्ये आहेत. ड्यूटीवर होती आपली सिस्टर. सोमवारी नर्सिंग परिषदेपुढे सुनावणी आहे. सिस्टरची नोंदणी रद्द होईल. बावीस वर्षांची नोकरी."

"सिस्टर काय म्हणतात?"

"तीच तर पंचाईत आहे. ती काहीच म्हणत नाही. 'मी फाडला नाही' एवढंच. पुढे विचारलं की तोंडाला कुलूप."

काकांनी फाईल ओढून घेतली. आज शुक्रवार होता.

२

त्यांनी फाईल आधी उघडली नाही. उलटी केली.

हॉस्पिटलच्या फाईलमध्ये कागदांना दोन भोकं पाडून त्यातून एक दोरी ओवतात. दोरीच्या टोकांना पत्र्याच्या बारीक टोप्या असतात. वॉर्डातल्या सिस्टर ती टोकं मागे नुसती दुमडून ठेवतात. दर पाळीला नवा कागद लागतो, मग गाठ मारून ती सोडत बसायला वेळ कुणाला आहे? काकांनी तीस वर्षांत हजारो फायली पाहिल्या होत्या. वॉर्डातून गाठ मारलेली फाईल आल्याचं त्यांना एकदाही आठवत नव्हतं.

या फाईलला गाठ होती. छोटी, चपटी, दुहेरी. टोकं परत गाठीखालून आत खोचलेली.

"ही कुणी मारली?" त्यांनी वॉर्डात विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. एक सिस्टर म्हणाली, "काका, इथे आम्हाला केस बांधायला सवड नाही, गाठी कसल्या मारतोय!"

दोरीपाशी कागदाचा एकही कपटा अडकलेला नव्हता. म्हणजे पान ओढून फाडलं नव्हतं. कुणीतरी दोरी सोडली, पान काढलं, बाकीचे कागद नीट जुळवले आणि पुन्हा बांधले. चोर असा सावकाश वागत नाही.

मग त्यांनी कव्हर पाहिलं. पाळी बदलताना सिस्टर फाईलची पानं मोजतात आणि आकडा कव्हरवर लिहून सही करतात. ही पद्धत काकांनीच एका भांडणानंतर सुरू केली होती, आणि तेव्हा सगळ्यांनी त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. बुधवारी सकाळी आठला आकडा होता सदतीस. त्या दिवशी दोन कागद वाढले, रक्ताचा रिपोर्ट आणि एक्स-रेचा रिपोर्ट, दोन्ही न ओवता नुसते आत खोचलेले. म्हणजे रात्री आठला एकोणचाळीस हवीत.

लिहिलं होतं अडतीस. खाली सही सिस्टरचीच.

पान बुधवारी दिवसा गेलं होतं, सिस्टरच्या पाळीत. आणि सिस्टरनं स्वतःच्या हातानं तसं लिहून ठेवलं होतं.

३

मोठे डॉक्टर खोलीत एकटेच डबा खात होते. त्यांनी काकांना बसा म्हटलं नाही, पण खुर्चीवरची मासिकं उचलली.

"मला तो फॉर्म पसंत नव्हता, हे मी लपवत नाही," ते म्हणाले. "बाई आणखी दोनेक वर्षं काढू शकल्या असत्या. पण मुलगी समोर बसली होती, बाई हसत होत्या, सही ठणठणीत केली. मी साक्षीदार म्हणून सही केली. माझं काम संपलं."

"पुन्हा विचारलंत का कधी? एकट्यानं?"

डॉक्टरांचा घास थांबला. "काका, फॉर्म रद्द करायला कोर्ट लागत नाही. पेशंटनं तोंडानं 'नको' म्हटलं तरी पुरे. त्यांनी म्हटलं नाही. आणि बुधवारी मी गावातच नव्हतो, एका कॉन्फरन्सला गेलो होतो. तिकिटं दाखवू?"

"नको. तुम्ही गेल्या कित्येक वर्षांत फाईल स्वतः उघडलेली नाही, हे सगळ्या हॉस्पिटलला ठाऊक आहे. तुम्ही हात पुढे करता आणि कुणीतरी उघडलेली फाईल हातात देतं."

डॉक्टर पहिल्यांदाच हसले. "वहिनी गेल्यावर तुमची जीभ सैल झाली वाटतं."

आपण काय बोललो ते डॉक्टरांना लगेच कळलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

छोटे डॉक्टर, म्हणजे गुरुवारी नळी घालणारा तरुण, जिन्यातच भेटला. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"सिस्टर ओरडल्या, मी पळत गेलो. मी विचारलं, यांचा लाल फॉर्म आहे ना? त्या म्हणाल्या, नाही."

"फाईल बघून म्हणाल्या?"

तो घुटमळला. "मी हे कुणाला सांगितलेलं नाही. त्यांच्यावर शेकेल म्हणून."

"मला सांगा."

"फाईल काउंटरवर होती, काका. मिटलेली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही."

४

सिस्टर चाळिशी उलटलेल्या, अंगानं बारीक, बोलायला मोजक्या. कपडे बदलायच्या खोलीत त्या बाकावर बसल्या होत्या. काका दारात उभे राहिले.

"येऊ का?"

"या ना काका. बसा. पण चहा पिऊन जायचं. बाकी काही मिळणार नाही."

"चहा तरी कसा आहे?"

"हॉस्पिटलचा आहे."

दोघांनी चहा घेतला. मग काका म्हणाले, "पान नाही हे तुम्हाला बुधवारपासून माहीत होतं. अडतीस आकडा तुम्ही लिहिलात. पान तुम्ही काढलं असतं तर एकोणचाळीस लिहिणं किती सोपं होतं! कुणी मोजायला येणार नव्हतं."

सिस्टरनी दोन्ही रिकामे कप एकात एक घातले.

"ज्यानं काढलं त्याला तुम्ही पाठीशी घालताय."

"काका, सोमवारी माझं जे व्हायचं ते होऊ द्या." त्यांनी कप बाजूला ठेवले. "पेशंटच्या अंथरुणापाशी ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. पेशंट गेला म्हणून ते सुटत नाही."

"मी विचारलं कुणी काढलं. तुम्ही सांगताय ऐकलेलं बाहेर नेत नाही. काढलेलं आणि ऐकलेलं यात काय संबंध?"

सिस्टर उठल्या. जरा जास्तच बोलून गेलो, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "माझी पाळी सुरू होतेय," त्या म्हणाल्या. पाळी सुरू व्हायला अजून पाऊण तास होता.

५

बाईंची मुलगी आईच्याच घरी उतरली होती. घर आवरायला काढलं होतं. जमिनीवर पुस्तकांचे गठ्ठे होते. ती पन्नाशीला टेकलेली, आवाज करडा, पण डोळे सारखे दाराकडे जात होते, कुणी येणार असल्यासारखे.

"तुम्ही त्यांच्या बाजूचे की माझ्या, काका?"

"मी पानाच्या बाजूचा."

"मग लिहून घ्या. आईनं मला शंभरदा सांगितलं होतं, नळ्या लावून मला लोळवू नका. आम्ही दोघींनी बसून तो फॉर्म भरला. मी दुसऱ्या गावी असते. त्या बुधवारी मी तिकडेच होते. गुरुवारी संध्याकाळी पोचले तर आईच्या तोंडात नळी! मग एकोणीस दिवस मी अधीक्षक, वकील, परिषद, सगळीकडे ती झेरॉक्स घेऊन फिरले. यंत्र काढा म्हणून."

"आईजवळ बसायला मिळालं का?"

"रोज जायचे. दहा मिनिटं." ती दुसरीकडे पाहत म्हणाली, "माझ्याच्यानं तिथं उभं राहवत नव्हतं. तिला जे नको होतं ते तोंडात खुपसलेलं, आणि मी बघत बसायचं?"

तिनं तक्रारीच्या कागदांचा गठ्ठा काढला आणि काकांच्या हातात दिला. काकांनी सवयीनं तो उलटा केला.

मागे दोरीची गाठ होती. छोटी, चपटी, दुहेरी. टोकं आत खोचलेली.

काकांनी आवाज सरळ ठेवला. "गाठ छान आहे."

"आईची आहे. म्हणजे तिनं शिकवलेली. परीक्षेत मुलांच्या पुरवण्या मूळ पेपराला बांधतात ना, तशी. तिचं म्हणणं असायचं, ही गाठ सुटली तर मुलाचं वर्ष जातं. बत्तीस वर्षं तिनं हेच केलं."

काका जिना उतरले आणि फाटकाशी बराच वेळ थांबले. अशी गाठ येणारी दोन माणसं. एक बुधवारी दुसऱ्या गावी. दुसरी खाटेवर, जिथे फाईल कधीच जात नाही. पेशंटची फाईल काउंटरवर असते. पेशंटच्या हातात ती कुणी देत नाही. तीस वर्षांत दिलेली नाही.

६

शनिवारी सकाळी काका व्हीलचेअर ढकलणाऱ्या मामांना शोधत तळमजल्यावर गेले.

"बुधवारी बाईंना एक्स-रेला तुम्ही नेलंत?"

"मीच. अकराला. मशीनपाशी रांग होती, अर्धा तास लागला. बाई फार चांगल्या. मला म्हणाल्या, मामा, तुमची गाडी एका बाजूला ओढते, चाकात तेल घाला."

"फाईल कुठे होती?"

"कुठे म्हणजे? जिथं असते तिथं. पेशंटच्या मांडीवर."

"आणि तुम्ही?"

मामा कान खाजवू लागले. "चहाला गेलो होतो. मॅडमना नका सांगू. पण फाईलला मी हात लावत नाही हां काका! ती आपली मांडीवर सुरक्षित असते."

काकांना हसूही आलं नाही. फाईलला कोणाकोणाचा हात लागतो याची यादी या हॉस्पिटलात त्यांनीच केली होती. डॉक्टर, सिस्टर, लॅब, दप्तर. सगळ्यांच्या सह्या घेतल्या. ज्या माणसाची फाईल, तो माणूस त्या यादीत नव्हता. त्याला वाचता येतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

एक्स-रेच्या बोळात भिंतीला लागून लोखंडी बाक होता. काका त्यावर टेकले.

आठ महिन्यांपूर्वी ते याच बाकावर बसले होते. बायको व्हीलचेअरवर. तिच्या आजाराचं नाव तिला सांगायचं नाही, असं त्यांचं आणि मोठ्या डॉक्टरांचं ठरलं होतं. फुप्फुसात पाणी झालंय, महिन्याभरात उतरेल, असं ते तिला रोज सांगत. ते पाण्याची बाटली भरायला गेले. परत आले तेव्हा तिनं फाईल मिटली आणि म्हणाली, "किती गिचमिड लिहितात हो हे! एक अक्षर लागेल तर शपथ." मग घरी आल्यावर तिनं कपाटं लावली. गॅसचं पुस्तक कुठे, विम्याचे कागद कुठे, ते दाखवलं. त्यांनी तिला दटावलं होतं, "बरी झालीस की लाव ना!" ती बरं म्हणाली होती.

तिनं वाचलं होतं. तिला कळलं होतं आणि त्यांच्यासाठी न कळल्याचं सोंग तिनं शेवटपर्यंत केलं होतं. एका घरात दोघं जण एकमेकांना सांभाळत, एकेकटे.

एक्स-रेवाल्यानं दार उघडून विचारलं, "काका, तुमचा नंबर आहे का?"

"नाही," काका म्हणाले. "माझं काही नाही."

७

सिस्टर औषधांची ट्रॉली लावत होत्या. काका जवळ जाऊन हळूच म्हणाले, "पान बाईंनी स्वतः काढलं. एक्स-रेच्या रांगेत. दोरी सोडली, पान काढलं, आणि सवयीनं अशी गाठ मारली की कुणाच्या पोराचं वर्ष जायला नको. तुम्ही फाईल परत घेतलीत तेव्हा तुम्हाला दिसलं. गुरुवारी तुम्ही फाईल उघडली नाही, कारण बाईंना जगायचंय हे तुम्हाला ठाऊक होतं. मी म्हणतोय. तुम्ही काही सांगितलेलं नाही."

सिस्टरनी हातातली बाटली ट्रॉलीवर ठेवली. त्या तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

"बाई म्हणाल्या," शेवटी सिस्टर बोलल्या, "'मुलगी समोर असली की मी शूर असते, सिस्टर. तिला वाटतं आई कशाला घाबरत नाही. ती गेली की मला भीती वाटते. मला इतक्यात मरायचं नाही. पण तिला सांगू नका, तिला वाटेल तिनं मला मरणाची सही करायला लावली.' मी त्यांना शब्द दिला, काका."

"डॉक्टरांना तरी सांगायचं! एक ओळ लिहायची. पेशंटनं फॉर्म मागे घेतला. एवढीच."

"लिहिलं असतं तर मुलीनं वाचलं असतं."

"ही तुमची चूक आहे. ती मी लिहिणार. तुमची सुट्टी असती तर दुसऱ्या सिस्टरनं 'हो, लाल फॉर्म होता' असं आठवणीनं सांगितलं असतं, आणि जगायचं म्हणणारी बाई सगळ्यांदेखत गेली असती."

"लिहा," त्या म्हणाल्या. "पण मुलीला नका सांगू. माझी नोंदणी गेली तरी चालेल."

"शब्द तुम्ही दिलात. मी नाही."

"काका, ती मोडून पडेल."

"पडेल." काकांना पुढचे शब्द जड गेले. "न सांगितल्यानंही माणूस मोडतो, सिस्टर. फक्त ते कुणाला दिसत नाही."

८

मुलगी रविवारी दुपारी हॉस्पिटलात आली. अधीक्षकांच्या खोलीत काका एकटेच होते. त्यांनी भाषण केलं नाही. बुधवारचे दोन आकडे दाखवले, मामांचा जबाब वाचून दाखवला, मग फाईल उलटी करून तिच्यासमोर ठेवली.

"ही गाठ कुणाची?"

"तुम्ही माझ्यावर आळ घालताय?" ती ताडकन म्हणाली. मग खाली वाकली. तिनं बोटानं गाठ चाचपली, आत खोचलेल्या टोकांवरून बोट फिरवलं.

"आईची," ती म्हणाली.

काकांनी फाईल तिच्याकडे आणखी सरकवली.

"माझी टोकं डावीकडे जातात. तिची उजवीकडे. मला तिच्यासारखी कधीच जमली नाही." तिचा करडा आवाज पार उतरला होता. "म्हणजे तिला यंत्र हवं होतं."

"त्यांना जगायचं होतं. यंत्राचं मला माहीत नाही."

"आणि मी एकोणीस दिवस ते काढा म्हणून दारोदार फिरले." ती खुर्चीत बसली. "सही झाली की विषय संपला असं मी धरलं. पुन्हा एकदा विचारायला काय जात होतं माझं? फोनवर रोज बोलायचो आम्ही. औषध घेतलंस का, जेवलीस का... हे नाही विचारलं."

काकांनी पाण्याचा ग्लास तिच्याजवळ सरकवला.

थोड्या वेळानं तिनं कागद मागून घेतला आणि तक्रार मागे घेत असल्याचं लिहिलं. काकांच्या अहवालात सिस्टरची एकच चूक होती, नोंद न केल्याची. त्याला लेखी ताकीद पुरे होती. मग मॅडम आल्या, त्यांनी अहवाल वाचला आणि त्या लगेच म्हणाल्या, "उद्यापासून पेशंटच्या मांडीवर फाईल ठेवायची नाही, असं परिपत्रक काढते."

"उलट काढा," काका म्हणाले. "मांडीवरच ठेवायची. उघडून. आणि शेजारी कुणीतरी बसायचं, विचारलं तर सांगायला."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "इतकी माणसं कुठून आणू मी?"

काकांनी फाईल मिटून त्यांच्यापुढे ठेवली आणि ते बाहेर आले.

मुलगी अजून गेली नव्हती. वॉर्डाच्या दाराशी ती सिस्टरपुढे उभी होती, हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखी.

"आई तुम्हाला काय म्हणाली होती?"

"ते मी नाही सांगणार," सिस्टर म्हणाल्या. "त्यांना शब्द दिलाय. पण त्या एकोणीस दिवसांचं सांगेन. पहिले चार-पाच दिवस गुंगीत होत्या. मग जाग यायला लागली. नळीमुळे बोलता येईना, म्हणून आम्ही पाटी दिली. छोट्या डॉक्टरांनी पाटीवर लिहून त्यांना काहीतरी विचारलं, तर बाईंनी त्यांचं शुद्धलेखन तपासून दहापैकी चार दिले."

मुलीच्या तोंडून हसू फुटलं आणि ते अर्ध्यावरच हुंदका झालं. सिस्टरनी तिला दंडाला धरून बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या.

"मी यायचे तेव्हा जागी असायची?"

"कधी कधी. तुम्ही दारातून वळलात की खिडकीकडे मान करायच्या. फाटकातून बाहेर पडेपर्यंत तुम्ही दिसायचात तिथून."

"आणि मग?"

"मग सांगते. सगळं सांगते. बसा."

काका थोडे दूर उभे होते. तिथे त्यांचं आता काही काम नव्हतं. मुलगी एकामागून एक विचारत होती, काय खुणा करायची, झोप लागायची का, कुणाचं नाव पाटीवर लिहायची, आणि सिस्टर एकेकाचं उत्तर देत होत्या. काका पायऱ्या उतरून रस्त्याला लागले. त्यांच्याकडेही असेच प्रश्न होते, पण ते विचारायला त्यांच्याजवळ कुणी उरलं नव्हतं.